एक तारखेला पळतं, दोन तारखेपासून रखडतं

"वजन झालं, फॅट लागली, पडद्यावर रक्कम पण आली. पावतीच निघंना बघा." सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांचा हा फोन पहिल्यांदा आला, तेव्हा मी बेधडक प्रिंटरवर खापर फोडलं. कागदाचा रोल नीट बसवा म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा वायर बदलायला लावली. तिसऱ्या वेळी कुरियरने नवं मेमरी कार्ड पाठवलं. चौथ्या वेळी फोन माझ्याऐवजी थेट आमच्या मालकांना गेला.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत आहे. दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही एक डबा बनवतो. ऑफिसात सगळे त्याला डबाच म्हणतात. आत तळहाताएवढं लिनक्सचं बोर्ड आणि कार्ड, बाहेर वजनकाटा, दूध तपासायचं मशीन आणि पावतीचा छोटा प्रिंटर जोडलेला. शेतकरी किटली ओततो, डबा लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग), दर आणि रक्कम यांची एक ६४ बाइटची ओळ फाइलच्या शेवटी लिहितो आणि मग पावती सोडतो. क्रम महत्त्वाचा आहे. आधी नोंद कार्डावर पक्की उतरली पाहिजे, मगच पावती. गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही. शेतकऱ्याच्या हातात पावती आहे आणि डब्यात नोंद नाही, असं एकदा जरी झालं तरी दहा दिवसांनी दुधाच्या पगाराला संस्थेत भांडण होतं. म्हणून ओळ लिहिल्यावर प्रोग्राम एफसिंक मारतो, म्हणजे "उतरलं का?" असं विचारून उत्तर येईपर्यंत थांबतो. पावती रखडते ती इथे.

गंमत अशी की आम्ही वर्षभरापूर्वी कार्डावरची फाइलसिस्टीम, म्हणजे फायली कार्डावर मांडायची पद्धत, बदलली होती ती वेगासाठीच. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी-फोर काढून एफटूएफएस घातली. ही सॅमसंगने फ्लॅश मेमरीसाठी बनवली, जेगुक किम यांनी २०१२ मध्ये लिनक्सच्या लोकांपुढे ठेवली आणि २०१३ च्या सुरुवातीला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या ३.८ आवृत्तीत ती आली. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये हीच असते. आणि आमच्या तक्रारी वाढल्या त्या नेमक्या ती घातल्यावर.

शेवटी मी एसटीने गावी गेलो. सकाळी साडेसहाची रांग, स्टीलच्या किटल्यांचा खणखणाट, आणि प्रत्येक पावतीला डबा क्षणभर गप्प. कधी अर्धा सेकंद, कधी दोन. दोन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. पण रांगेत दीडशे माणसं असली आणि त्यातल्या निम्म्यांना पोरांना सातची शाळेची गाडी पकडून द्यायची असली, की तोंडं सुटतात. मी लॅपटॉप जोडला. एफटूएफएसची एक माहितीची फाइल असते, डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीच्या कप्प्यात, स्टेटस नावाची. भरभरून आकडे. त्यातला एक आकडा पावतीबरोबर हलत होता: सीपी कॉल्स, म्हणजे चेकपॉइंट किती वेळा घेतला. एक पावती, दोन चेकपॉइंट. एक पावती, दोन चेकपॉइंट. पुण्याला येऊन ऑफिसातल्या डब्यावर तेच पाहिलं, तर एक पावती, एक चेकपॉइंट.

प्रोग्राम तोच, कर्नल तोच, कार्ड त्याच कंपनीचं. तिथे दोन आणि इथे एक का, ते कळेना. खरं तर इथे एक तरी का, हेही मला ठाऊक नव्हतं. चेकपॉइंट म्हणजे फाइलसिस्टीमचा सगळा हिशेब एकदा कार्डावर पक्का करणं, एवढंच मी मोघम समजत होतो.

मोघम समजलेली गोष्ट मला स्वतः बांधल्याशिवाय कळत नाही, ही माझी जुनी खोड. म्हणून रात्री जेवण झाल्यावर मी एक खेळण्यातली फाइलसिस्टीम लिहायला बसलो. सी भाषेत, २५६ एमबीची एक फाइल हीच "डिस्क" मानून, ४ केबीचे ब्लॉक. वेळ मोजायचा नाही असं आधीच ठरवलं. एका सिंकला किती ब्लॉक लिहिले जातात, एवढंच मोजायचं.

मूळ कल्पना जुनी आहे. मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीच्या विद्यापीठात स्प्राइट नावाच्या प्रणालीसाठी लॉग-स्ट्रक्चर्ड फाइलसिस्टीम बनवली आणि १९९१ मध्ये तिच्यावर निबंध वाचला. त्यांचं म्हणणं असं, की मेमरी वाढत चाललीय, वाचन तर तिच्यातूनच भागेल; डिस्कवर मुख्य गर्दी होणार ती लिखाणाची. तर मग लिहायचं ते एका ओळीत, शेवटी जोडत जायचं. जुनं खोडून त्याच जागी नवं लिहायचं नाही.

हे वाचताना मला त्या संस्थेच्या कपाटातल्या वह्या आठवल्या. रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत जे घडलं ते घडेल तसं लिहायचं, खाडाखोड नाही. खतावणीत प्रत्येकाच्या खात्याचं वेगळं पान. लॉग-स्ट्रक्चर्ड फाइलसिस्टीम म्हणजे निव्वळ रोजकीर्द. लिहिणारा खूश. पण "१४७ नंबरच्या सभासदाचं काय?" असं कुणी विचारलं की शोधायचं कसं? म्हणजे खतावणी हवीच. आणि तीही खाडाखोड न करता रोजकीर्दीतच लिहायची. सगळा गुंता इथून सुरू होतो.

पहिली आवृत्ती मी पाठ्यपुस्तकाप्रमाणे केली. फाइलचा आयनोड, म्हणजे तिची माहिती ठेवणारा ब्लॉक, त्यात पहिल्या १२ ब्लॉकचे पत्ते, मग एक पत्त्यांचा ब्लॉक, मग पत्त्यांच्या ब्लॉकांचे पत्ते ठेवणारा ब्लॉक. १० एमबीची फाइल बनवली, बरोबर मध्यावर एक अक्षर बदललं आणि सिंक केलं. डेटाचा ब्लॉक नव्या जागी गेला. त्याचा पत्ता बदलला म्हणून पत्त्यांचा ब्लॉक नव्याने लिहावा लागला. तोही नव्या जागी गेला, म्हणून त्याच्या वरचा. तो हलला म्हणून आयनोड. आयनोड हलला म्हणून आयनोड कुठे आहे ते सांगणारा नकाशा. आणि शेवटी नकाशा कुठे आहे ते सांगणारा चेकपॉइंट. एका अक्षरासाठी सहा ब्लॉक, २४,५७६ बाइट. एका नातेवाइकाने घर बदललं म्हणून अख्ख्या भावकीने बिऱ्हाड हलवावं तसा प्रकार. जाणकार याला भटकं झाड म्हणतात. पान हललं की फांदी हलते, फांदी हलली की खोड.

(मूळ स्प्राइटवाले इतके भोळे नव्हते. ते चेकपॉइंट ठरावीक अंतरानेच घेत आणि मधलं लॉग वाचून सावरत. मी प्रत्येक सिंकला घेत होतो.)

एफटूएफएसने हे झाड जिथे कापलंय ती जागा पाहून मी मनात टाळी वाजवली. तिथे आयनोडला आणि पत्त्यांच्या ब्लॉकांना मिळून नोड म्हणतात आणि प्रत्येक नोडला एक कायमचा क्रमांक असतो. सभासद क्रमांकासारखा. वरचे नोड खालच्या नोडचा पत्ता ठेवतच नाहीत, फक्त क्रमांक ठेवतात. क्रमांक कुठे राहतो ते एकाच तक्त्यात लिहिलेलं असतं, नोड ॲड्रेस टेबल, नॅट. (नेटवर्कवाल्यांच्या नॅटशी याचा काडीचा संबंध नाही, आमच्या ऑफिसात यावरून एक अख्खी मीटिंग भलत्याच दिशेने गेली होती.) डेटा हलला की त्याचा थेट पत्ता ठेवणारा एक नोड हलतो आणि तक्त्यात एक ओळ बदलते. वरच्यांना पत्ताही लागत नाही.

दुसऱ्या आवृत्तीत मी हे घातलं. तोच प्रयोग, तेच एक अक्षर: दोन ब्लॉक. डेटा आणि नोड. मी इतका खूश झालो की बायकोला उठवून सांगितलं. तिने "बरं" म्हणून कूस बदलली.

मग प्रोग्राम मधेच मारून पाहिला, वीज गेल्याची नक्कल म्हणून. परत सुरू केल्यावर फाइल जुनीच. साहजिक आहे, नॅट मेमरीत बदलला होता, कार्डावर नव्हता. दोन ब्लॉकांचा आनंद उधारीवरचा होता. नॅटचा ब्लॉकही सिंकला लिहायचा ठरवला आणि त्याच्यामागे चेकपॉइंट, तर पुन्हा चार झाले. त्यातही मी नॅट जागच्या जागी लिहिला होता. एकदा नेमका अर्धा ब्लॉक लिहून झालेला असताना प्रोग्राम मारला आणि त्या ब्लॉकातले सगळे क्रमांक कचरा झाले. माझी एक फाइल बदलत होतो, आणि गेल्या शेजारच्या ४०० फायली. नॅटची एक नोंद ९ बाइटची असते, ४ केबीत अशा ४५५ मावतात. एका ओळीसाठी हात घालायचा आणि ४५५ जणांचं नशीब पणाला लावायचं.

एफटूएफएस काय करते ते मग मी नीट वाचलं. तिच्यात नॅटच्या प्रत्येक ब्लॉकला दोन जागा राखीव असतात. नवं लिखाण नेहमी दुसऱ्या जागी. दोहोंपैकी खरी कोणती, हे चेकपॉइंटमधला एक बिट सांगतो. चेकपॉइंटच्याही दोन प्रती, आलटून पालटून. अर्धवट लिहिलेली प्रत आपोआप बाद होते आणि जुनी तशीच शाबूत असते. त्यापुढची काटकसर तर मला फारच आवडली. प्रत्येक २ एमबीच्या सेगमेंटला ५१२ ब्लॉक आणि त्यातला प्रत्येक ब्लॉक कुणाचा, याची ७ बाइटची नोंद. ५१२ गुणिले ७ म्हणजे ३,५८४. शेवटी ५ बाइटची तळटीप. ४,०९६ मधून हे वजा केलं की उरतात ५०७ बाइट. कुणीतरी या उरलेल्या पिठाचं थालीपीठ लावलं. त्या ५०७ बाइटांत नॅटच्या ३८ बदललेल्या ओळी तात्पुरत्या ठेवता येतात. तो ब्लॉक तसाही चेकपॉइंटला लिहायचाच असतो. थोडेच बदल असतील तर नॅटचे ब्लॉक इथेतिथे जाऊन लिहावेच लागत नाहीत. कोणत्या सेगमेंटमध्ये किती ब्लॉक जिवंत आहेत ते सांगणाऱ्या तक्त्यालाही अशीच सोय आहे, पण त्याची एक नोंद मोठी, म्हणून सहाच मावतात.

एवढं करूनही माझा मुख्य प्रश्न उरलाच. चेकपॉइंट न घेता सिंक पक्का कसा? चेकपॉइंट महाग असतो. त्यात सगळ्या खराब, म्हणजे बदललेल्या पण न उतरलेल्या, फोल्डरच्या नोंदी आणि नोड खाली उतरवायचे, दोन्ही तक्ते उतरवायचे, आणि तोवर बाकीच्यांना दारात थांबवायचं. दूध संस्थेत महिनाअखेरीचा ताळेबंद चालू असताना खिडकी बंद असते, तसं. तो दर पावतीला कोण घेईल?

उत्तर नोडच्या शेपटीत आहे. प्रत्येक नोड ब्लॉकच्या शेवटी त्याचा क्रमांक, तो कोणत्या फाइलचा, कोणत्या चेकपॉइंटनंतरचा, आणि पुढचा नोड ब्लॉक कुठे लिहिला जाणार याचा पत्ता असतो. एफसिंक झाला की नोडवर एक खूण. वीज गेली आणि आली, की शेवटच्या चेकपॉइंटपासून साखळी धरून पुढे पुढे जायचं, खूण दिसली की नॅटमध्ये ती ओळ मांडायची. म्हणजे ताळेबंद जुना असला तरी त्यानंतरच्या रोजकीर्दीतून खतावणी पुन्हा उभी करता येते. सिंकला फक्त दोन ब्लॉक. माझ्या खेळण्यात हे घालायला नऊ रात्री गेल्या. त्यातल्या सहा जुन्या साखळीचं शेपूट नव्या साखळीला जोडलं जात होतं ती चूक शोधण्यात. चेकपॉइंटचा क्रमांक नोडमध्ये का ठेवतात, हे मला त्या सहा रात्रींनी शिकवलं.

आणि मग एका रात्री असं लक्षात आलं की माझं खेळणं नव्या फाइलला सावरू शकत नाही. फाइलचा नोड सापडतो, मजकूर सापडतो, पण नाव? नाव फोल्डरमध्ये असतं आणि फोल्डर तर उतरलेलंच नव्हतं. एफटूएफएसच्या आयनोडची रचना उघडून पाहिली. तिथे आयनोडमध्येच फाइलचं नाव आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरचा क्रमांक लिहिलेला. आपल्याकडच्या फॉर्मसारखं: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव. हरवलेलं पोर सापडलं की कुणाचं आहे ते विचारून घरी पोचवता येतं. मी ते घातलं, प्रोग्राम दहा-वीस वेळा मारून पाहिला, फायली घरी परतल्या. समाधानाने झोपलो. डब्याच्या दुखण्याचं उत्तर मी त्या रात्री हाताने टाइप केलं होतं, पण ते मला दिसलं नाही.

पहिला चेकपॉइंट मात्र आता सहज पकडता आला. आमचा प्रोग्राम पावतीनंतर सत्राची एकूण बेरीज वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवतो. रीतीप्रमाणे: तात्पुरती फाइल लिहा, सिंक करा, जुन्या नावावर चढवा, मग फोल्डरलाही एफसिंक. हे सगळं शिस्तीचं आहे, मला कॉलेजात असंच शिकवलेलं. पण खुणेची ती स्वस्त वाट एफटूएफएसने साध्या फायलींसाठीच ठेवलीय. फोल्डरला एफसिंक मारला की ती सरळ चेकपॉइंट घेते. कर्नलमध्ये ट्रेस, म्हणजे आत काय चाललंय ते छापायची सोय, चालू केला की कारणही छापून येतं: साधी फाइल नाही.

आणि ती बेरीज दर पावतीला ठेवायची गरजच काय होती? ओळी फाइलमध्ये आहेतच, डबा सुरू होताना त्या वाचून बेरीज करता येते. मी तो भाग काढला, बेरीज सत्र संपल्यावर एकदाच लिहायची केली. ऑफिसातला डबा शून्यावर आला. दर मिनिटाला आपला आपण होणारा चेकपॉइंट तेवढा राहिला. आमची ओळींची फाइल दहा दिवसांना एक. २०० सभासद, दोन वेळा, दहा दिवस: ४,००० ओळी, ६४ बाइटच्या, म्हणजे अडीचशे केबी. एफटूएफएसच्या एकट्या आयनोडमध्ये ९२३ पत्ते मावतात, काही सोयी चालू असतील तर थोडे कमी; आम्हाला लागतात ६३. म्हणजे वेगळा पत्त्यांचा नोडही नको. पावतीमागे एक डेटाचा ब्लॉक आणि एक आयनोड. यापेक्षा स्वस्त काय असणार? नवी आवृत्ती गावी पाठवली आणि कॉलर ताठ करून बसलो.

फोन आला. "आधीपेक्षा बरं हाय. पण रखडतंयच." आकडा विचारला. एक पावती, एक चेकपॉइंट.

मी चिडलो, अर्थात मनात. सचिवांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. निवृत्त शिक्षक, हिशेबाला पक्के. मी नेहमीचे प्रश्न विचारत होतो, कार्ड किती भरलंय, डबा कधी बंद केला होता, तर ते मधेच म्हणाले, "साहेब, तुम्ही रागावणार नसला तर एक सांगू का? मी तारखा लिहून ठेवल्यात. एक तारखेला पळतंय. दोन तारखेपासनं रखडतंय. अकराला परत पळतंय, बारापासनं रखडतंय. एकवीसला परत तसंच."

मी फोन धरून तसाच बसलो. १, ११, २१. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी, म्हणून आमची नवी फाइल त्याच तारखांना सुरू होते. नवी फाइल पहिल्या दिवशी वेगात असते आणि दुसऱ्या दिवशी हळू. मग त्या दोन दिवसांच्या मधल्या रात्री काय होतं?

मधल्या रात्री बॅकअप होतो. आणि ती स्क्रिप्ट मी लिहिली होती.

सहा तारखेला मी दुरूनच डब्यात शिरून फायलींची लांब यादी मागितली. दुसऱ्या रकान्यात, जिथे नेहमी १ असतो आणि जिकडे कुणी ढुंकून पाहत नाही, तिथे होता ६. फाइल एक, नावं सहा.

झालं असं होतं. दोन वर्षांपूर्वी, ईएक्सटी-फोरच्या काळात, मी कुठेतरी हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइलला आणखी एक नाव, वापरून रोजचे बॅकअप कमी जागेत ठेवायची युक्ती वाचली होती. खऱ्या युक्तीत आदल्या बॅकअपच्या लिंका करतात आणि मग त्यावर नवं काही नक्कल करतात. मी घाईत चालू फोल्डरच्याच लिंका केल्या. म्हणजे दर रात्री डबा त्याच फाइलला आणखी एक नाव देत होता. बॅकअप म्हणून तो शून्य किमतीचा: सगळी नावं एकाच मजकुराची, एक बिघडला की सगळे बिघडले. सुदैवाने रोजचा डेटा मोबाइल नेटवरून सर्व्हरला जातच होता, म्हणून कुणाला कळलं नाही. ईएक्सटी-फोरवर याने वेगाला काही झालं नाही. एफटूएफएसवर मात्र झालं, आणि का झालं ते माझ्या खेळण्यात मीच लिहिलेलं होतं. आयनोडमध्ये नावाला एकच जागा, वडिलांच्या क्रमांकालाही एकच. फाइलला दोन नावं आणि दोन फोल्डर झाली की सावरताना पोर कुठल्या घरी सोडायचं, हे त्या आयनोडवरून सांगता येत नाही. म्हणून एफटूएफएस स्वस्त वाट सोडून देते. फाइलच्या नावांची संख्या एकपेक्षा वेगळी दिसली की एफसिंकला चेकपॉइंट, दर वेळी. ट्रेसमध्ये कारण एका शब्दात छापलेलं: हार्डलिंक.

मला ही रचना चुकीची वाटत नाही. हार्ड लिंका असलेल्या फाइलला वारंवार एफसिंक मारणारे लोक थोडेच. त्या थोड्यांनी जास्त मोजावं आणि बाकी सगळ्यांना दोन ब्लॉकांत मोकळं करावं, हा सौदा मीही केला असता. जपानच्या एनटीटीने बनवलेली निल्फ्स-टू ही फाइलसिस्टीम पाहिली, तर तिने हाच भटक्या झाडाचा प्रश्न नोडऐवजी थेट ब्लॉकांना खोटे, म्हणजे आभासी, क्रमांक देऊन सोडवलाय. तिथे जास्तीचा खर्च दुसऱ्याच खिडकीवर द्यावा लागतो.

स्क्रिप्ट बदलली. आता ती खरी नक्कल करते, दुसऱ्या पेनड्राइव्हवर. जुनी नावं पुसून आकडा १ वर आणला आणि तात्यांना संध्याकाळच्या सत्रात एकच पावती काढायला सांगितली. चेकपॉइंट एकने वाढला. माझ्या पोटात गोळा आला. पुढची पावती: वाढला नाही. त्यापुढची: नाही. नंतर कोड पाहिला तेव्हा उलगडलं. लिंक झाली त्याच वेळी आयनोडवर "वडिलांचा क्रमांक भरवशाचा नाही" अशी खूण पडलेली असते. नाव एकच उरलं तरी ती खूण लगेच जात नाही. पुढचा एफसिंक एक शेवटचा चेकपॉइंट घेतो, मग खऱ्या फोल्डरचा क्रमांक शोधून आयनोडमध्ये दुरुस्त करतो, आणि तिथून पुढे स्वस्त वाट मोकळी.

एक गोष्ट मी त्याच भरात मार्गी लावली. गावच्या कार्डावर ९३ टक्के जागा भरलेली होती, बहुतेक तपासणी मशीनचे जुने लॉग. रोजकीर्दीला पानं संपत आली की जुन्या वहीतली जिवंत पानं उतरवून वही मोकळी करावी लागते. रोझेनब्लम आणि ऑस्टरहाउट यांनी त्याचं साधं गणित दिलंय: साफ करायच्या सेगमेंटचा जितका हिस्सा जिवंत, तो एकातून वजा करा आणि दोनला त्याने भागा. ८० टक्के जिवंत असेल तर एक ब्लॉक नवं लिहायला दहा ब्लॉकांची हालचाल, ९० टक्क्यांना वीस. स्वस्त एफसिंक मिळवून हे तसंच ठेवलं असतं तर दोन-चार महिन्यांत तात्यांचा फोन पुन्हा आला असता. लॉग ३० दिवसांनी पुसायचे केले.

पुढच्या बारा तारखेला मी मुद्दाम गावी गेलो, साडेसहाच्या रांगेला. लॅपटॉप जोडून स्टेटसचा आकडा पाहत उभा राहिलो. ओतलं, मोजलं, पावती. आकडा जागचा हलत नव्हता. तात्यांनी अर्ध्या तासाने त्यांची ती तारखांची वही काढली, १२ समोर काहीतरी लिहिलं आणि वही मिटता मिटता म्हणाले, "पावतीचं झालं. आता ते फॅटचं मशीन लई वेळ खातंय बघा. त्याचं काय करता?"

फॅटचं मशीन आमचं नाही. तरी मी त्याच्या वायरीकडे वाकून पाहिलं.